थिबाराजाचं घर

रत्नागिरीत रिक्षावाल्याला "थिबा पॅलेस" एवढं सांगितलं की पुढे काही बोलावं लागत नाही. त्या नावाचा रस्ता आहे, रस्त्यावर सोसायट्या आहेत, क्लिनिकं आहेत, क्लासेस आहेत. कुरिअरच्या पाकिटांवर आणि लग्नपत्रिकांत ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाचं नाव आम्ही लोक रोज लिहितो आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. गणपतीला मुंबईहून पाहुणे आले की त्यांना दाखवायच्या यादीत रत्नदुर्ग, मत्स्यालय आणि थिबा पॅलेस ही ठरलेली ठिकाणं. पाहुणे वाड्यात अर्धा तास फिरतात, फोटो काढतात आणि हमखास विचारतात, "हा राजा इथे कसा काय आला?" सांगणारा म्हणतो, "इंग्रजांनी आणून ठेवला." मग सगळे जेवायला जातात.

उत्तर खोटं नाही. पण या घराला ते फार अपुरं पडतं.

आधी घर बघू. टेकाडावर जांभ्याची तीन मजली इमारत, वर उतरती कौलं, पुढेमागे व्हरांडे. जांभा आम्हाला काही नवीन नाही, विहिरीपासून गडग्यापर्यंत सगळं त्याचंच. पण इथे त्याच लाल दगडावर साहेबी नकाशा चढवला आहे. बघणारा थांबतो तो खिडक्यांपाशी. अर्धगोल लाकडी खिडक्यांच्या रांगाच्या रांगा, त्यांवर कोरीवकाम आणि कमानीत रंगीत काचा. सकाळी ऊन आत आलं की काचेचा निळा-तांबडा तुकडा जमिनीवर पडतो आणि तासाभरात सरकत भिंतीला लागतो. वरच्या मजल्यावर संगमरवरी फरशीचा नाचाचा दिवाणखाना आहे. मागच्या बाजूला बुद्धाची मूर्ती आहे, ती राजानं आपल्याबरोबर आणलेली. आणि पश्चिमेकडे तोंड केलं की भाट्याची खाडी आणि तिच्यापलीकडे उघडा समुद्र. नजारा असा की पर्यटन खात्याला कॅलेंडर छापायला वेगळी जागा शोधायला नको. मला मात्र तिथे उभं राहिलं की दरवेळी वाटतं, ज्याचं राज्य समुद्रापलीकडे बुडालं त्याला रोज सकाळी हाच समुद्र दाखवणारी जागा ज्या कुणी निवडली, तो एकतर फार दयाळू असावा किंवा अगदी निर्ढावलेला.

या घराचं मूळ सागाच्या ओंडक्यांत आहे. आमच्याकडे जुन्या वाड्यातलं कपाट किंवा झोपाळा विकायला काढला की दलाल पहिला प्रश्न विचारतो, "बर्मा टीक आहे काय?" असला तर भाव दुप्पट. ते ब्रह्मी लाकूड हिंदुस्थानात आणणाऱ्यांत सर्वात मोठी कंपनी म्हणजे बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन, 1863 साली आपल्या मुंबईत स्थापन झालेली. वरच्या ब्रह्मदेशातल्या जंगलांचा ठेका तिच्याकडे होता. 1885 मध्ये मंडालेच्या, म्हणजे थिबाच्या राजधानीतल्या, दरबारानं तिच्यावर ठपका ठेवला की ओंडके जास्त नेले आणि पट्टी कमी भरली, आणि जबर दंड ठोठावला. कंपनीनं इंग्रज सरकारकडे धाव घेतली. दरबाराची फ्रेंचांशी बोलणी चालू असल्यानं सरकार निमित्ताच्या शोधात होतंच. नोव्हेंबरच्या मध्याला इरावती नदीतून आगबोटी वर निघाल्या आणि 29 नोव्हेंबरला थिबानं शरणागती पत्करली. जेमतेम पंधरा दिवसांचं युद्ध. ज्या सिंहासनापुढे परदेशी वकिलांना जोडे काढावे लागत, तिथल्या राजाराणीला बैलगाडीत बसवून नदीवर आणलं. 1 जानेवारी 1886 ला सगळा देश इंग्रजी राज्याला जोडून टाकल्याचं जाहीर झालं.

थिबा तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. मठात शिकलेला, पालीच्या परीक्षा दिलेला, राज्यकारभारापेक्षा पोथीत रमणारा, असं त्याच्याविषयी सांगतात. इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्याला दारुडा आणि क्रूर म्हणून रंगवलं. दारूचं बरंचसं रचलेलं असावं. क्रौर्याचं मात्र हात झटकून टाकता येत नाही. गादीवर आल्यावर दुसऱ्याच वर्षी, 1879 मध्ये, राजघराण्यातल्या कितीतरी भावाबहिणींची कत्तल झाली. ती राणी सुपायालात आणि तिच्या आईच्या इशाऱ्यावर झाली असं बहुतेक इतिहासकार म्हणतात, पण राजा कोण होता? आपल्याकडे 'बिचारा थिबाराजा' असा एक सूर लागतो. तो लावताना हेही ध्यानात ठेवलेलं बरं.

आधी त्यांना मद्रासला नेलं. तिथे तिसरी मुलगी झाली. मग 'क्लाइव्ह' नावाच्या बोटीनं एप्रिल 1886 मध्ये राजा, दोन राण्या (धाकटी सुपायागले ही थोरलीची सख्खी बहीण) आणि तीन मुली रत्नागिरीला उतरल्या. चौथी मुलगी वर्षभरानं इथेच जन्मली. रत्नागिरीच का, याचं कारण साधं आहे. मागे सह्याद्री, पुढे समुद्र, आगगाडी नाही. पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की गाव चार महिने जगापासून तुटायचं. इथून पळून जाणार कुठे? आमच्या गावाची ही सोय सरकारच्या एवढी मनात भरली की पुढे 1924 मध्ये सावरकरांना अंदमानानंतर स्थानबद्ध करायलाही हाच जिल्हा निवडला. कोकण रेल्वे पुरी व्हायला 1998 उजाडावं लागलं. गाडी नाही म्हणून आम्ही पिढ्यान्‌पिढ्या कुरकुरलो, पण त्या गैरसोयीतूनच आमच्या गावाला एक राजा मिळाला हे कुणी बोलून दाखवत नाही.

लोक एक गोष्ट विसरतात. हा वाडा राजा आला तेव्हा नव्हता. तो बांधून व्हायला 1910 उजाडलं. मधली चोवीस वर्षं हे कुटुंब सरकारनं दिलेल्या बंगल्यात राहिलं. त्यात मुली वाढल्या, ब्रह्मी दासी एक एक करून मायदेशी गेल्या आणि त्यांच्या जागी रत्नागिरीच्या आसपासची माणसं कामाला लागली. राजाला तनखा होता, पण खर्चाचा हात दरबारी. धर्मकृत्यं, दानं, मुलींचे समारंभ, नोकरचाकर. भागेना तेव्हा दागिने विकायला निघाले, आणि ते गावातल्या सावकारांनी पडत्या भावात घेतले. मंडालेहून निघताना पुष्कळ जडजवाहीर हातचं गेलं होतं. त्यातल्या 'न्गा मौक' नावाच्या मोठ्या माणकाचा थिबानं जन्मभर ध्यास घेतला. त्याचं म्हणणं असं की ते कर्नल स्लेडननं सांभाळायला म्हणून घेतलं आणि परत दिलंच नाही. अर्ज झाले, उत्तरं आली, माणिक काही आलं नाही. कागदी लढाईत एक पिढी खर्ची घालणं म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला कुळकायद्याच्या दाव्यांमुळे नीट कळतं.

1910 च्या नोव्हेंबरात कुटुंब नव्या वाड्यात राहायला आलं. राजा तेव्हा पन्नाशी ओलांडलेला.

याच नोव्हेंबरपाशी मी नेहमी अडतो. त्याच हिवाळ्यात, नोव्हेंबर 1910 ते मार्च 1911, रत्नागिरीत जन्मलेला एक माणूस मंडालेच्या तुरुंगात लाकडी कोठडीत बसून पेन्सिलीनं 'गीतारहस्य' लिहीत होता. टिळकांना 1908 साली राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना ठेवलं ते मंडालेच्या किल्ल्यात. म्हणजे थिबाचा राजवाडा ज्या तटाच्या आत होता, त्याच तटाच्या आत. मंडालेचा राजा रत्नागिरीत कैदेत आणि रत्नागिरीचा मुलगा मंडालेत, थिबाच्याच अंगणात म्हणा ना. टिळकांचं जन्मघर टिळक आळीत अजून आहे, कौलारू, शेणानं सारवलेल्या अंगणाची आठवण करून देणारं. तिथून थिबाच्या वाड्याकडे रिक्षानं थोडाच वेळ लागतो. दोन्ही घरं एकाच दुपारी बघून होतात. कुणी बघितली तर त्याच क्रमानं बघावीत, असं माझं मत. आधी आळीतलं, मग टेकाडावरचं.

टिळकांची मुदत 1914 मध्ये संपली. थिबाला मुदतच नव्हती. शिक्षा झालेल्या कैद्याला सुटकेची तारीख असते. याला कोणतीच शिक्षा झालेली नव्हती, त्यामुळे तारीखही नव्हती. पहाऱ्याला पोलीस, देखरेखीला खास अधिकारी, बाहेर पडायला परवानगी. आणि राहायला रंगीत काचांच्या खिडक्या. सरकारी दृष्टीनं बघितलं तर हा वाडा म्हणजे दीर्घ मुदतीची तजवीज होती. माणूस परत जाणार नाही हे पक्कं झालं की त्याला चांगलं घर बांधून देता येतं.

आत काय चाललं होतं ते मात्र कुणाच्याही घरात चालतं तसंच. चार मुली, वयं वाढत चाललेली, आणि लग्नं जमेनात. ब्रह्मी राजघराण्यातला नवरा हवा आणि राजघराणं तर विखुरलेलं. सरकारनं सुचवलेली स्थळं राजाराणीला पसंत पडेनात. मुली मराठी-हिंदुस्थानी बोलत, नोकरांच्या मुलाबाळांत रमत. 1914 साली त्यांचा कान टोचण्याचा समारंभ थाटात झाला. ब्रह्मी रिवाजात मुलगी वयात येताना होणारा हा विधी, आणि थोरली तेव्हा चौतीस वर्षांची होती.

थोरलीचं तर तोवर बरंच घडून गेलं होतं. गोपाळ भाऊराव सावंत नावाचा तिथला दरवान, लग्न झालेला, बायकामुलं असलेला. त्याच्यापासून तिला 1906 मध्ये मुलगी झाली. तिचं नाव टूटू. म्हणजे राजा नव्या वाड्यात शिरला तेव्हा त्याची एक चारेक वर्षांची नात होती, जिचा बाप फाटकावरचा सावंत होता. त्या काळी कोकणातल्या एखाद्या खोताच्या घरात असं झालं असतं तर काय गहजब झाला असता, ते सांगायला नको. इथे तो झाला नाही असं नव्हे. पण पोरीला टाकून दिलं नाही, ती घरात वाढली. कत्तलीच्या कलंकाइतकंच हेही त्या घराच्या हिशेबात धरायला हवं.

1912 मध्ये धाकटी राणी सुपायागले वारली. 1916 च्या अखेरीस दुसरी राजकन्या घर सोडून इंग्रज अधिकाऱ्याच्या बंगल्यावर निघून गेली. तिला खिन माँग जी या बापाच्याच जुन्या चिटणिसाशी लग्न करायचं होतं आणि बाप ते होऊ देईना. पुढे तिनं ते केलंच, कलिंपाँगला संसार थाटला आणि 1956 मध्ये तिथेच ती वारली. पण बापाला तो धक्का सोसला नाही असं सांगतात. डिसेंबर 1916 मध्ये थिबा गेला. सत्तावन्न वर्षांचं आयुष्य, त्यातली तीस रत्नागिरीत आणि या वाड्यात फक्त सहा.

राणीचा हट्ट होता की देह मंडालेला न्यायचा. सरकारला ते नको होतं. मेलेला राजा मंडालेला पोचला असता तर जिवंत राजापेक्षा जड गेला असता, हे त्यांना कळत होतं. म्हणून दहन नाही, दफन नाही. राजाची शवपेटी दोन वर्षांवर तशीच वाड्याच्या आवारात, आणि धाकट्या राणीची त्याहून अधिक. या दोन पावसाळ्यांचा मी कधी कधी विचार करतो. आमचा पाऊस म्हणजे कपाटातल्या चपलांनाही बुरशी आणणारा पाऊस. वर कौलं वाजताहेत, खाली समुद्र गर्जतोय, आणि घरातली माणसं सरकारच्या उत्तराची वाट बघताहेत. अखेर मार्च 1919 मध्ये दोन्ही देह रत्नागिरीतच समाधीत ठेवले गेले. आज शिवाजीनगर भागात ती समाधी आहे. एप्रिलमध्ये राणी आणि मुली रंगूनला रवाना झाल्या. मंडालेची परवानगी तिला तेव्हाही मिळाली नाही. 1925 मध्ये ती रंगूनलाच वारली. तिची समाधी श्वेडगॉन पॅगोडाजवळ आहे, नवऱ्याची इथे.

यानंतर वाडा सरकारचा. इंग्रजांच्या काळात साहेबलोक राहिले. स्वातंत्र्यानंतर तिथे शासकीय तंत्रनिकेतन भरायचं, आणि इथून पुढे वाड्याची गोष्ट माझ्या ओळखीच्या माणसांत येते. माझा मामा आजही सांगतो, "मी डिप्लोमा थिबा पॅलेसला केला." ऐकणाऱ्याला वाटावं मामा राजपुत्रांच्या शाळेत होता. प्रत्यक्षात टी-स्क्वेअर आणि ड्रॉइंग बोर्ड काखेत मारून घामाघूम होऊन टेकाड चढायचा. सर्व्हेच्या तासाला थिओडोलाइट आवारात लावायचा आणि मोजायला वाडा समोर आयता उभा. मामाच्या म्हणण्याप्रमाणे त्या वाड्याच्या भिंती त्याच्या बॅचनं इतक्या वेळा मोजल्या की बांधणाऱ्यांनीही मोजल्या नसतील. मी विचारलं, "मामा, राजाबद्दल काही सांगायचे का मास्तर?" तो म्हणाला, "अरे, राजा कसला घेऊन बसलास, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये केटी लागली होती माझी."

लोक हे ऐकून हळहळतात. ऐतिहासिक वास्तूत बाकं टाकली, ड्रॉइंग बोर्ड ठोकले, केवढी ही अनास्था! मला तसं वाटत नाही. गरिबाघरची पोरं ओव्हरसियर, ज्युनिअर इंजिनिअर होऊन तिथून बाहेर पडली. तुरुंग म्हणून बांधलेल्या घराचा याहून बरा उपयोग मला तरी सुचत नाही. आता वाडा पुरातत्त्व खात्याकडे आहे, आत वस्तुसंग्रहालय आहे. जपणूक होते हे चांगलंच.

आणि राजघराणं? ते रत्नागिरीतून गेलंच नाही. थोरली राजकन्या रंगूनला जाऊन परत आली. गोपाळकडे आली, मुलीला घेऊन, या गावात. राजाराणी ज्या गावातून सुटायला तीस वर्षं धडपडली, त्या गावी त्यांची मुलगी आपल्या पायांनी परतली. तिचं पुढे सुखाचं झालं म्हणावं तर तसं काही नाही. गोपाळचा आपला संसार होता. तनखा हाती येई तो पुरत नसे. 1947 च्या जूनमध्ये, देश स्वतंत्र व्हायला दोन महिने उरलेले असताना, ती इथेच गरिबीत वारली. टूटू मराठी बोलायची, ब्रह्मी भाषा तिला येत नव्हती. शंकर पवार नावाच्या मोटार-मेकॅनिकशी तिचं लग्न झालं. मुलंबाळं झाली. कागदाची फुलं करून विकली, गोवऱ्या थापल्या. थिबाची नात म्हणून पत्रकार यायचे, फोटो काढायचे, छापायचे आणि जायचे. 2000 साली ती वारली. तिचा वंश आज मराठी आडनावानं नांदतो आहे.

मंडालेचा मूळ राजवाडा मार्च 1945 मध्ये दोस्तांच्या बॉम्बफेकीत जळाला. सगळा सागवानी, क्षणात पेटला. त्यातली एकच मोठी इमारत आज उभी आहे, आणि तीही थिबामुळेच. बाप मिंडॉन जिथे वारला तो महाल त्यानं गादीवर आल्यावर उतरवून तटाबाहेर नेला आणि त्याचा मठ केला, म्हणून तो वाचला. आज मंडालेच्या किल्ल्यात दिसतो तो राजवाडा 1990 च्या दशकात पुन्हा बांधलेला. जांभ्याचा वाडा मात्र शंभराहून जास्त पावसाळे खाऊन जागच्या जागी आहे.

1857 नंतर बहादूरशहा जफरला रंगूनला नेऊन ठेवलं, तो 1862 मध्ये तिथे वारला. त्याच्या मजारीवर आपले पुढारी जातात. तिकडचे लोक इकडे येतात. डिसेंबर 2012 मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला येऊन वाडा आणि समाधी बघून गेले. 2016 मध्ये थिबाच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हा त्याचे तिकडचे वंशज समाधीवर आले, भिक्षूंनी मंत्र म्हटले. अस्थी मायदेशी न्याव्यात अशी मागणी अधूनमधून निघते. माझं मत विचाराल तर तो निर्णय त्यांच्या घरच्यांनी घ्यावा, आणि घरच्यांत रत्नागिरीचे पवारही आले. दोन सरकारांनी आपापसात ठरवून टाकण्यातली ही बाब नाही. सरकारांनी ठरवलं म्हणून तर तो इथे आला.

वाड्याबद्दल मात्र एक मागणी आहे. आत राजाची खोली आहे, राजाच्या वस्तू आहेत, ते असू दे. पण एक खोली टूटूला द्या. तिथे आगबोटींचं वेळापत्रक लावा, राजाच्या अर्जांच्या प्रती लावा, कागदी फुलं ठेवा, आणि भिंतीवर थिबा आणि सावंत अशी दोन्ही घराण्यांची वंशावळ रंगवा. मुंबईच्या पाहुण्यांनी "हा इथे कसा आला" असं विचारलं की त्यांना त्या खोलीत न्यायचं, आणि जेवण जरा उशिरा करायचं.